तळातलं

तळं आटलं आणि वीटभट्टी बंद पडली. तळ्याच्या मधोमध ढोपरभर चिखल तेवढा उरला होता, तोही कडेकडेने तडकत आत सरकत होता. माती तुडवायला पाणी नाही तर विटा कशाच्या पाडणार? मालकाने साचे गोळा करून खोलीत टाकले, कुलूप लावलं आणि म्हणाला, "पाऊस पडला की या."

साचेवाला बरेच दिवस दारात बसून राहिला. साच्यात चिखल थापून वीट पाडण्यात भट्टीवर त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता तो हाताच्या भेगांत अडकलेली माती काडीने कोरत बसायचा. मग एका सकाळी खांद्यावर चादर टाकून निघाला. बायकोला म्हणाला, "मिळेल ते करतो. तोवर पोरीला सांभाळ."

पोर सात वर्षांची. शाळेत नाव दुसरं होतं, पण सगळे मुंगी म्हणत. येता-जाता तिच्या हातात काही ना काही असायचंच. काटकी, फुटकी बाटली, नाहीतर कुणाचं तरी बाळ. बाप निघाला तेव्हा त्याची चप्पल उचलून ती त्याच्या मागे वळणापर्यंत गेली. तो अनवाणीच निघाला होता, हे त्याच्याही लक्षात आलं नव्हतं.

त्याच सुमाराला शाळेतली स्वयंपाकीण काढली गेली. म्हातारी होती, पोरं तिला आजी म्हणत. तिचा नातू पहिलीत होता आणि दुष्काळातही त्याचे गाल फुगत चालले होते. आयांनी एकमेकींना ते गाल दाखवले. "डाव पातेल्यात कुठपर्यंत जातो ते गालांवर दिसतंय," गिरणीवाली म्हणाली, आणि म्हातारीचं काम गेलं. शिवाय ठरलं की यापुढे रोज एका घरातला पालक जेवणाच्या वेळी शाळेत येऊन बसेल. आधी चव घेईल आणि शेवटचं ताट वाढून होईपर्यंत उठणार नाही.

काम मुंगीच्या आईला मिळालं. शाळेतल्या बाईंनीच तिला बोलावून घेतलं होतं. ओसरीवर सात-आठ बायका उभ्या होत्या.

"तुझीही पोर इथेच आहे गं," गिरणीवाली म्हणाली. ती मनाने वाईट नव्हती. तिचा मुलगाही याच शाळेत जेवायचा आणि गिरणीत दळण यायचं थांबलं होतं. "आजीचं काय झालं ते तू पाहिलंस. डोळे उघडे आहेत आमचे."

मुंगीच्या आईला काम हातातून निसटतंय असं वाटलं आणि ती घाईघाईने बोलून गेली, "ताई, माझ्या पोरीला मी सगळ्यांच्या शेवटी वाढीन. वरचंच वाढीन. मग तर झालं?"

असं कर म्हणून कुणीच तिला सांगितलं नव्हतं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि ऐकणाऱ्या सात-आठ जणी होत्या.

शाळेत रोज पेज असायची. भरडलेलं धान्य आणि कडधान्य एकत्र शिजवलेलं. मोठ्या पातेल्यात ती कितीही ढवळली तरी दाणे खाली बसत आणि वर पांढरट पाणी तरंगत राही. डाव अलगद बुडवला की पाणी यायचं. तळाला टेकवून वर काढला की दाणे यायचे. मुंगीच्या आईने पहिल्याच दिवशी ठरवलं, प्रत्येक पोराला तळातून वाढायचं. डाव टेकवायचा, फिरवायचा, मग उचलायचा. दुपारपर्यंत तिचा खांदा भरून आला.

शेवटी मुंगी आली. दोन्ही हातांनी ताट धरून आईकडे पाहून हसली. इथे आई भेटते याचंच तिला केवढं अप्रूप होतं. स्टुलावर गिरणीवाली बसली होती. आईने डाव बुडवला, अर्ध्यातच थांबवला आणि वरचं पाणी मुंगीच्या ताटात ओतलं. त्यात चार दाणे होते. मुंगीने ताटात पाहिलं, मग आईकडे. मग जाऊन आपल्या जागी बसली.

"बोलल्यासारखी वागलीस हो," गिरणीवाली उठता उठता म्हणाली. त्या शब्दांनी मुंगीच्या आईला जे बरं वाटलं, ते तिला पुढे बरेच दिवस पुरलं.

शाळा तिने याआधी आतून पाहिलीच नव्हती. पोरीला फाटकापर्यंत सोडायचं आणि माती तुडवायला जायचं, एवढंच तिला ठाऊक. आता चुलीपाशी बसल्या बसल्या तिला सगळं दिसायचं. सकाळी पोरं रांगेत उभी राहून नखं दाखवायची. वर्गातून पाढ्यांचा आवाज यायचा, त्यात मुंगीचा आवाज अर्धा शब्द मागे असायचा. पाणी कमी म्हणून बाईंनी हात धुण्याची एक रीत बसवली होती. ओळीच्या टोकाला एका पोराने दुसऱ्याच्या हातावर तांब्याची बारीक धार धरायची, मग त्या दुसऱ्याने तिसऱ्याच्या. ताटं राखेने घासायची आणि ओल्या फडक्याने पुसायची. खडू वाटायचं काम मुंगीकडे होतं. खडूचा डबा छातीशी धरून ती बाकांमधून अशी चालायची, जणू त्यात अंडी आहेत.

ती शाळेत मोठ्याने हसायची. घरी असं हसलेली आईला आठवत नव्हती. एकदा ते हसू ऐकून तिने चुलीतलं लाकूड तसंच हातात धरून ठेवलं आणि बोट भाजून घेतलं.

पातेल्याला लागलेली खरवड स्वयंपाक करणाऱ्या बाईची, असा पूर्वीपासूनचा शिरस्ता. मुंगीची आई ती खरवडही घरी नेत नसे. पालकासमोर पातेलं खरवडून शाळेच्या कुत्रीला घालायची आणि निघताना न विचारता पिशवी उलटी करून दाखवायची. पहिल्या-पहिल्यांदा पालक ओशाळायचे. "अगं, राहू दे की." पुढे पुढे ते पिशवीकडे आधीच बघायला लागले.

महिना उलटला. आया फाटकात उभ्या राहून मुंगीचे गाल बघायच्या. मुंगीची आईही बघायची. एका सकाळी वेणी घालताना तिला पोरीच्या गळ्याची हाडं वर आलेली दिसली. तिच्या मनात पहिलं आलं ते हे, की चला, आता कुणाला बोलायला जागा नाही. मग तिचा हात वेणीतच थांबला.

"आई, ओढू नको," मुंगी म्हणाली.

"नाही ओढत."

"आई, तू मला नंतर का वाढतेस? मला ठाऊक आहे. तुझं काम जाईल म्हणून."

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मला पाणीपण आवडतं. गरम असतं."

त्याच आठवड्यात बाई चुलीपाशी आल्या. धुराने डोळे चोळत म्हणाल्या, "मुंगी दुपारनंतर झोपते वर्गात. पाटीवर डोकं ठेवते ती उठतच नाही."

"उन्हाने होतं, बाई."

"ऊन सगळ्यांनाच आहे." बाईंनी पातेल्याकडे पाहिलं. "असं करू. तिच्या वेळेला डाव माझ्याकडे द्यायचा. मी वाढीन. मग तुम्हाला कोण बोलणार?"

सरळ गोष्ट होती. पण मुंगीच्या आईला ओसरीवरच्या बायका दिसल्या. बाईंना हाताशी धरलं म्हणतील. बाईंचंही नाव खराब होईल. ती म्हणाली, "नको बाई. मी शब्द दिलाय."

"असला शब्द मागितला कुणी होता?" बाईंनी विचारलं. तिने चुलीत फुंकर मारली. बाई घंटा द्यायला निघून गेल्या.

साचेवाला परत आला तो गेला त्याहून बारीक होऊन. कुठे दगड फोडले, कुठे हमाली केली, शेवटी कुठेच उभं करेनात. संध्याकाळी तिघं जेवायला बसली. दिवसभरातून घरी तेवढंच एक जेवण असायचं. बायकोने भाकर मोडली. मोठा तुकडा नवऱ्याच्या ताटात ठेवला, लहान आपल्या आणि त्याहून लहान मुंगीच्या.

त्याने आपल्या तुकड्याकडे पाहिलं आणि मग मुंगीकडे. हसून म्हणाला, "हिला काय कमी आहे? दुपारी आईच्या हातचं, संध्याकाळी पुन्हा आईच्या हातचं. राजाचं पोर आहे."

मुंगीही हसली. "हो, राजाचं," ती म्हणाली आणि आपला तुकडा पाण्यात बुडवून चोखत बसली.

बायकोने खरं सांगितलं असतं तर त्याने आपला तुकडा पुढे सरकवला असता, आणि उद्या काम शोधायला त्याला चार गावं चालायचं होतं. म्हणून पुढेही रोज भाकर तशीच मोडली गेली. तो भुकेला माणूस होता. पोरीचं पोट शाळेत भरतंय असं धरून जेवत होता.

फिरत फिरत पालकाची पाळी त्यांच्या घरावर आली. बायको पातेल्यापाशी, तेव्हा स्टुलावर बसायचं त्याने. तिने बरेच आढेवेढे घेतले. "तुम्ही कशाला? शेजारच्या काकांना सांगू."

"का? मी काय शाळा पाहू नये?" त्याने सकाळीच सदरा झटकून घातला, केस ओले करून चापून बसवले. ज्या शाळेत आपली पोर शिकते तिथे पाहुणा म्हणून जायचं, याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता. मुंगीने त्याचं बोट धरून त्याला सगळं दाखवलं. हा आमचा वर्ग, ही माझी जागा, हा खडूचा डबा, हा मीच वाटते, बाबा, दुसरं कुणी नाही.

घंटा झाली. पोरांनी एकमेकांच्या हातांवर पाणी घातलं आणि ती ओळीत बसली. बाईंनी साचेवाल्याला वाटीत पेज दिली. त्याने घोट घेतला, दाणे चावले. किती दिवसांनी तोंडात असं घट्ट, गरम काही येत होतं. "चांगली झालीय," तो म्हणाला, आणि वाटी निपटून पुसून खाली ठेवली. फाटकाशी गिरणीवाली आणि आणखी दोघी उभ्या होत्या. आज कोण बसलंय ते सगळ्यांना माहीत होतं.

ताटं पुढे येत गेली. डाव खाली टेकायचा, फिरायचा, भरून वर यायचा. साचेवाला बघत होता. कामाचा वेग बघून त्याला बायकोचं कौतुक वाटलं. मग शेवटी मुंगी आली. तिने ताट पुढे केलं आणि डाव येण्याआधीच त्यावर तळहात आडवा धरला. बोटांच्या फटीतून जाईल तेवढंच घ्यायचं, असा. आईने अलगद वरचं पाणी घातलं. मुंगी म्हणाली, "पुरे."

तो उठला. "बघू गं," म्हणून त्याने ताट घेतलं, जरा तिरपं केलं. पाणी एका कडेला पळालं आणि दुसऱ्या कडेला चार दाणे चिकटून राहिले.

"हे काय आहे?"

"अहो, बसा तुम्ही," ती हळू आवाजात म्हणाली.

"रोज हेच?"

पोरांचे हात ताटांतच थांबले होते. त्याने ते पाणी परत पातेल्यात ओतलं आणि बायकोच्या हातातला डाव धरला. तिने सोडला नाही. दोघं नवरा-बायको पातेल्यावर वाकून एका डावाला धरून उभी, आणि फाटकाकडून आवाज आला, "झालं सुरू! घरचा माणूस बसला की असंच व्हायचं."

"काम जाईल," ती दातांतून म्हणाली. "अहो, पाया पडते. काम जाईल."

"जाऊ दे!"

"मग खायचं काय?"

त्याचा हात सैल पडला. मुंगी दोघांच्या मध्ये शिरली होती. बापाचा सदरा ओढत ती मोठ्याने म्हणत होती, "बाबा, मला पुरतं! खरंच पुरतं! मी घरी जेवते ना!"

घरी जेवते. तो स्टुलावर जाऊन बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांत धरलं. संध्याकाळची ताटं त्याला एकामागून एक आठवत असावीत. बाई वर्गातून धावत आल्या, पोरांना जेवा म्हणाल्या, गिरणीवालीला जा म्हणाल्या. त्या गडबडीत मुंगीचं ताट पातेल्याशेजारी रिकामंच राहिलं. हे ध्यानात आलं तेव्हा घंटा होऊन गेली होती आणि ती वर्गात पाटीवर डोकं ठेवून झोपली होती.

त्या संध्याकाळी त्याने भाकर न मोडता अख्खीच मुंगीच्या ताटात ठेवली. मुंगीने तिचे तीन तुकडे केले. मोठा बापाला, त्याहून लहान आईला, सर्वांत लहान स्वतःला. हुबेहूब आई मोडायची तशी. बापाने तुकडे पुन्हा तिच्याकडे सरकवले. तिने पुन्हा वाटले. शेवटी तो उठून बाहेर गेला.

सकाळी बायको मुंगीलाही तळातून वाढायचं ठरवूनच शाळेत गेली. कोण काय बोलेल ते बोलो. स्टुलावर एक अनोळखी बाप बसला होता, त्याचं अर्धं लक्षही नव्हतं. मुंगीची पाळी आली. "हात काढ," आई म्हणाली. मुंगीने हात काढला नाही. आईने तो बाजूला केला आणि डाव पातेल्यात घातला. तो अर्ध्यावर थांबला. तिने खांद्याने जोर दिला. डाव खाली जाईना. पातेल्यात अडवणारं काहीच नव्हतं. तिचाच हात होता, इतके दिवस तो तिथेच थांबला होता आणि आजही तिथेच थांबत होता. डाव वर आला तेव्हा त्यात पाणीच होतं.

"पुरे," मुंगी म्हणाली आणि आपल्या जागी निघून गेली.

तिने चूल विझवली, पातेलं घासलं, डाव पुसून बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"दुसरं कुणीतरी बघा, बाई."

"अहो, कालचं कुणी मनावर घेणार नाही. मी बोलेन त्यांच्याशी."

"त्यांचं नाही हो." पुढचं तिला नीट सांगता येईना. तिने उजवा हात पुढे केला, जणू त्यात काही लागलंय ते दाखवायचं होतं. "माझ्या हाताने तिला मिळायचं नाही."

बाईंनी त्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "घरी काय करणार?"

"रस्त्यावर खडी टाकतायत. दोघंही जाऊ."

खडीचं काम कधी मिळायचं, कधी नाही. मुकादम सकाळी माणसं निवडायचा, आणि साचेवाल्याची हाडं बघून बरेचदा पुढे जायचा. बायकोला मात्र घ्यायचा. बायका कमी पैशात राबतात. पाटी डोक्यावर घेऊन वाकलं की पोटातलं सगळं पाठीला चिकटल्यासारखं वाटायचं. मिळेल त्यातली भाकर आता ती सारखी मोडायची, पण मुंगी आपल्यातली अर्धी परत ठेवायची.

शाळेत आजीला परत बोलावलं होतं. दुसरं कुणी यायलाच तयार नव्हतं. रोज पिशवी उलटी करून दाखवायची कुणाला हौस असते? आजी मात्र स्टुलावरच्या पालकाला म्हणाली म्हणे, "बघायचंय ना? मग डोळे फाडून बघ. माझ्या नातवालाही घालणार आणि तुझ्यालाही घालणार. पोरं आहेत, कोंबड्या नाहीत."

एका दुपारी मुकादमाने जेवायला सुट्टी दिली. सोबत बांधून आणलेलं काही नव्हतं. ती उठली आणि रस्त्याच्या कडेकडेने शाळेच्या कुंपणापाशी गेली. पालकांनी जेवणाच्या वेळी कुंपणाशी उभं राहायचं नाही, असा आता नवा नियम होता. ती तारेच्या बाहेर, भिंतीच्या सावलीत तार धरून उभी राहिली. अंगावर खडीची पांढरी धूळ होती.

पोरं हात धुत होती. मुंगीच्या हातावर एक उंच मुलगी धार धरत होती आणि दोघी कशावरून तरी खिदळत होत्या. मग रांग लागली. मुंगी मध्येच उभी होती, शेवटी नाही. आजी तिला शेवटी उभं राहू देत नसावी. ताट पुढे आलं आणि त्यावर तळहात आडवा आला.

"पुरे."

"अगं, अजून घातलंच नाही तर पुरे कसलं?" आजी खेकसली. "हात काढ, भाजेल." तिने मुंगीचं मनगट धरलं, पानावरची अळी उचलावी तसा हात बाजूला केला आणि डाव तळाला टेकवला. पातेल्याच्या तळाशी झालेला तो खरखर आवाज तारेच्या बाहेरही ऐकू आला. ताट भरलं. इतकं भरलं की मुंगीला ते सांभाळत, पाय घासत चालावं लागलं.

ती आपल्या जागी बसली. ताट मांडीवर घेतलं. एक घास उचलला आणि तोंडाशी नेता नेता तिला तारेबाहेर आई दिसली.

घास खाली आला. मुंगी हसली नाही, हात हलवला नाही. तिने हळूच ताटावर तळहात धरला, खालचं दिसू नये असा, आणि आईकडे बघत राहिली. शेजारच्या पोरी जेवत होत्या. पेजेवरची वाफ तिच्या बोटांमधून वर येत होती.

आईला हाक मारावीशी वाटली. जेव गं, तुझंच आहे ते, असं काहीतरी. पण ती जोवर समोर उभी होती तोवर तो हात निघणार नव्हता, हे तिला कळलं. तिनेच शिकवलेलं होतं ते. समोरच्याचा चेहरा बघायचा, मग आपल्याला किती घ्यायचं ते ठरवायचं.

तिने तार सोडली आणि पाठ फिरवली. मागे ताटांचा आवाज येत होता. त्यातला मुंगीचा कुठला, आहे की नाही, हे ओळखायला थांबावं लागलं असतं. थांबलं तर वळून बघावं लागलं असतं. ती रस्त्याकडे चालू लागली. पुढे मुकादमाने शिट्टी दिली आणि बायका पाट्या उचलायला वाकल्या. वळणापर्यंत तिने मान सरळ ठेवली.